सुपरहिरोंच्या गोष्टीतला दुष्ट कोण, हे कोण ठरवतं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: 'जुन्या सुपरहिरो कथांमध्ये चांगलं कोण आणि वाईट कोण हे पहिल्या पानावरच कळायचं. आता खलनायकाचं म्हणणं पटतं आणि नायकच गोंधळलेला दिसतो. हे कधी आणि कशामुळे बदललं? मी स्वतः एक चित्रकथा लिहितोय. माझ्या खलनायकाचं गाव धरणात बुडालेलं आहे. त्याच्याबद्दल वाचकाला किती सहानुभूती वाटू द्यावी?'

मी बरीच वर्षं चित्रकथांच्या संहिता लिहिते आणि इतरांच्या तपासते. या कामात हा प्रश्न वारंवार येतो आणि त्यात एक समजूत गृहीत धरलेली असते: आधी सगळं काळं-पांढरं होतं, मग लेखक शहाणे झाले आणि करडा रंग आला. इतिहास तसा नाही. सुपरहिरोंच्या गोष्टी सुरू झाल्या तेव्हा त्या चांगल्याच बंडखोर होत्या. त्यांना काळं-पांढरं केलं ते मुख्यतः १९५४ सालच्या एका नियमावलीने. पुढची कित्येक दशकं लेखक त्या नियमावलीतून बाहेर पडायची धडपड करत होते. म्हणून 'करडेपणा किती' यापेक्षा मी संहिता वाचताना वेगळंच बघते: या गोष्टीत दुष्टपणा नेमका कुठे ठेवलाय? एका माणसाच्या डोक्यात, पैशात, सरकारात, परक्या देशात, की खुद्द नायकात? ही जागा दर काही वर्षांनी बदलत आली आहे.

सुरुवातीपासून बघू. 'अ‍ॅक्शन कॉमिक्स'चा पहिला अंक जून १९३८ या तारखेचा, किंमत १० सेंट. क्लीव्हलंड शहरातल्या जेरी सीगल आणि जो शुस्टर या दोन तरुणांनी त्यात सुपरमॅन आणला. दोघेही स्थलांतरित ज्यू कुटुंबांतले, महामंदीत वाढलेले. त्या पहिल्या गोष्टीत परग्रहावरचा शत्रू नाही, वेडा शास्त्रज्ञही नाही. एका निर्दोष बाईला त्या रात्री विजेच्या खुर्चीवर बसवणार असतात, म्हणून ती शिक्षा थांबवायला सुपरमॅन राज्यपालांच्या घरात घुसतो आणि त्यांच्या खोलीचं पोलादी दार उखडतो. मग बायकोला मारणाऱ्या एका नवऱ्याला वठणीवर आणतो. शेवटी वॉशिंग्टनला जाऊन सिनेटरला हाताशी धरणाऱ्या दलालाच्या मागे लागतो. त्या दलालामागचा शस्त्रास्त्र कारखानदार दुसऱ्या अंकात सापडतो. त्याला सुपरमॅन पोलिसांच्या ताब्यात देत नाही. ज्या लढाईसाठी हा दारूगोळा विकतो, त्याच लढाईत त्याला शिपाई म्हणून भरती व्हायला लावतो. तिसऱ्या अंकात एक खाणमालक आहे. खाणीत सुरक्षेची बोंब, अपघात झालेला आणि मालक मेजवान्या झोडतोय. सुपरमॅन ती मेजवानीच खाणीत उतरवतो आणि वाट बंद करतो. सूटबुटातल्या पाहुण्यांना स्वतःच्या हाताने माती उपसावी लागते. १९३९ च्या जानेवारीच्या अंकात तर तो पडायला आलेल्या घरांची एक अख्खी वस्ती जमीनदोस्त करतो, म्हणजे सरकारला तिथे नवी, राहण्याजोगी घरं बांधावीच लागतील. त्याला थांबवायला सैन्य येतं.

हे अंक मिळाले तर जरूर वाचा. इथला दुष्ट माणूस कायद्याच्या आतच राहून, प्रतिष्ठित म्हणून जगतो. आणि नायक? तो धमक्या देतो, घरं पाडतो, कोणाची परवानगी घेत नाही. त्याला हा अधिकार कोणी दिला, हे त्या गोष्टी विचारत नाहीत. तो प्रश्न वाचकांसमोर ठसठशीतपणे यायला आणखी जवळजवळ ५० वर्षं जावी लागली. पण प्रश्नाचं बीज पहिल्याच अंकात पडलेलं होतं.

बॅटमॅनचंही तसंच. बॉब केन आणि बिल फिंगर यांचा बॅटमॅन मे १९३९ मध्ये आला. त्याच्या पहिल्या गोष्टीत गुन्हेगार त्याच्या ठोशाने आम्लाच्या टाकीत पडतो आणि असल्यांचा शेवट असाच व्हायला हवा, असं बॅटमॅन म्हणतो. १९४० च्या वसंतात त्याच्या स्वतःच्या नावाचा पहिला अंक निघाला. त्यात तो विमानातून मशीनगन चालवतो. त्यानंतर संपादक व्हिटनी एल्सवर्थ यांनी सांगितलं की बॅटमॅन बंदूक वापरणार नाही, कुणाला मारणार नाही. त्याच पहिल्या अंकात जोकर हा खलनायक आला आणि तो शेवटी मरणार असं ठरलेलं होतं. एल्सवर्थ यांनी एक चौकट वाढवायला लावली: जोकर जगणार.

आज बॅटमॅनच्या 'मी मारणार नाही' या बाण्यावर ग्रंथ लिहिले जातात. त्याचा उगम संपादकाच्या टेबलावर आहे, हे मला मुळीच कमीपणाचं वाटत नाही. धारावाहिक गोष्टीची गरज आणि नीतीचा नियम एकाच वेळी जन्माला आले आणि पुढच्या लेखकांनी त्या नियमाला खोली दिली. उलट मी म्हणेन, आज तुम्हाला जो 'पटणारा खलनायक' दिसतो त्याची खरी आई ही धारावाहिक पद्धतच आहे. खलनायक मरत नाही, दर काही महिन्यांनी परत येतो. १०-१५ वेळा परत आलेल्या माणसाला नुसतं खदाखदा हसवून भागत नाही. कधीतरी लेखकाला विचारावंच लागतं, याला हवंय काय? हा घरी गेल्यावर काय करतो? चौकशी सुरू झाली की सहानुभूती मागोमाग येते.

मग युद्ध आलं. जो सायमन आणि जॅक कर्बी यांच्या कॅप्टन अमेरिकाचा पहिला अंक मार्च १९४१ या तारखेचा असला तरी विक्रीला १९४० च्या डिसेंबरातच आला होता. मुखपृष्ठावर नायक हिटलरच्या जबड्यावर ठोसा मारतोय. अमेरिका तेव्हा युद्धात उतरलेली नव्हती, पर्ल हार्बर एक वर्ष दूर होतं. युद्धात पडू नये असं मानणारे असंख्य लोक देशात होते. दोन ज्यू चित्रकारांनी अशा वेळी काढलेलं ते मुखपृष्ठ म्हणजे धाडसी राजकीय भूमिका होती. पण अमेरिका युद्धात उतरल्यावर याच माध्यमाने अत्यंत ओंगळ कामही केलं. जपानी माणसं सुळे असलेली, पिवळीजर्द, जनावरासारखी रंगवली गेली. दुष्टपणा एका अख्ख्या वंशाच्या चेहऱ्यावर चिकटवला गेला. चांगल्या-वाईटाची रेघ इतकी ठळक असते तेव्हा ती कुणाच्या अंगावर ओढलीय हे तपासायला हवं, ते यासाठी.

याचं एक उदाहरण आपल्याकडच्या वाचकांच्या हातातून गेलंय. टाइम्स ऑफ इंडियाच्या इंद्रजाल कॉमिक्सने १९६४ पासून अमेरिकी लेखक ली फॉक याचा फँटम हा मुखवटाधारी नायक भारतात आणला आणि मराठीतही तो वाचला गेला. मूळ अमेरिकी मालिकेत फँटमच्या पिढीजात वैऱ्यांचं, समुद्री चाच्यांचं, नाव होतं 'सिंग'. इंद्रजालने ते 'सिंगा' केलं आणि 'बेंगाली' या देशाचं 'डेंकाली' केलं. गोष्ट तीच, मारामारी तीच. पण न्यूयॉर्कमध्ये बसून खलनायकाला जे नाव सहज देता येतं, ते मुंबईत छापताना खटकतं.

त्याच युद्धकाळात एक वेगळा आवाजही होता. १९४१ मध्ये वंडर वूमन घडवणारे विल्यम मोल्टन मार्स्टन मानसशास्त्रज्ञ होते. त्यांच्या गोष्टींत पकडलेल्या गुन्हेगार स्त्रियांसाठी एक बेट आहे. तिथे त्यांना सुधारायचं असतं आणि काही खरंच सुधारतात. मार्स्टन यांच्या बाकीच्या कल्पना सगळ्यांना पचतील असं नाही, पण वाईट माणूस बदलू शकतो हे १९४० च्या दशकात मुलांच्या कॉमिक्समध्ये छापलं जात होतं.

आता १९५४. मनोविकारतज्ज्ञ फ्रेडरिक वर्थम यांनी कॉमिक्समुळे मुलं बिघडतात असं सांगणारं पुस्तक लिहिलं. सिनेटच्या उपसमितीने न्यूयॉर्कमध्ये सुनावण्या घेतल्या. सरकारने काही करायच्या आत प्रकाशकांनीच एकत्र येऊन 'कॉमिक्स कोड' तयार केला आणि मुखपृष्ठावर त्याचा शिक्का मारायला सुरुवात केली. शिक्का नसलेले अंक वितरक स्टॉलवर पोचवेनात, म्हणून कागदावर ऐच्छिक असलेला हा नियम व्यवहारात सक्तीचा झाला. त्यात काय होतं? प्रत्येक वेळी चांगल्याचा वाईटावर विजय झालाच पाहिजे आणि गुन्हेगाराला शिक्षा झालीच पाहिजे. गुन्हेगाराबद्दल सहानुभूती वाटेल असं काही दाखवायचं नाही. पोलीस, न्यायाधीश, सरकारी अधिकारी आणि प्रतिष्ठित संस्थांबद्दल अनादर निर्माण होईल असंही काही दाखवायचं नाही.

हे शेवटचं कलम पुन्हा वाचा आणि सुपरमॅनचे पहिले अंक आठवा. सिनेटर, खाणमालक, झोपडपट्टीकडे पाठ फिरवणारं सरकार. यातली एकही गोष्ट या नियमाखाली त्याच रूपात छापता आली नसती. दुष्टपणाला तिथून हुसकावल्यावर उरलं काय? बँक लुटणारे, परग्रहवासी आणि सूड घ्यायला निघालेले शास्त्रज्ञ. १९६० च्या एका अंकात लेक्स ल्युथर सुपरमॅनचा वैरी का झाला, याचं कारण दिलं गेलं: सुपरबॉयमुळे, म्हणजे लहानपणच्या सुपरमॅनमुळे, आपले केस गेले, असं त्याला वाटतं! तुम्ही ज्या 'जुन्या स्पष्ट कथा' म्हणता, त्या बहुतेक याच काळातल्या आहेत. त्यात कल्पकतेची कमतरता नव्हती. पण त्यांचा साधेपणा सक्तीचा होता.

वर्थम यांना मात्र या गोष्टीचे खलनायक करू नका. त्यांनी पुराव्यात फेरफार केल्याचं कॅरल टिली या संशोधिकेने त्यांच्याच कागदपत्रांतून दाखवून दिलं, आणि ते गंभीर आहे. पण हाच माणूस हार्लेममध्ये गरीब कृष्णवर्णीयांसाठी दवाखाना चालवत होता, आणि वर्णभेदी शाळांमुळे मुलांवर काय परिणाम होतो याबद्दलची त्याची साक्ष, १९५४ मध्ये त्या शाळा घटनाबाह्य ठरवणाऱ्या ऐतिहासिक खटल्यातल्या एका प्रकरणात उपयोगी पडली. माणसं अशी असतात आणि आपल्या पात्रांनाही एवढी मोकळीक हवी.

१९६० च्या दशकाबद्दल थोडक्यातच सांगते, कारण ते तुम्हाला माहीत असेल. स्टॅन ली आणि स्टीव्ह डिटको यांच्या स्पायडरमॅनने १९६२ मध्ये चूक नायकाच्या पदरात टाकली. त्याने जाऊ दिलेला चोरच त्याच्या काकांचा खून करतो. कोडच्या चौकटीत राहून केलेली ही फार हुशार खेळी होती: खलनायक किरकोळ, खरा झगडा नायकाच्या अपराधी भावनेशी. १९७० मध्ये डेनिस ओ'नील आणि नील अ‍ॅडम्स यांच्या अंकात एक म्हातारा कृष्णवर्णीय माणूस ग्रीन लँटर्न या अंतराळात फिरणाऱ्या नायकाला विचारतो की निळ्या, नारिंगी, जांभळ्या कातडीच्या परग्रहवासीयांसाठी तू इतकं केलंस, मग काळ्या कातडीच्या माणसांसाठी काय केलंस? नायकाची मान खाली जाते. पुढच्याच वर्षी अमली पदार्थांबद्दलची स्पायडरमॅनची गोष्ट कोडच्या शिक्क्याशिवाय निघाली, गंमत म्हणजे ती सरकारच्याच एका खात्याच्या विनंतीवरून लिहिलेली होती, आणि कोड सैल करावा लागला. १९७४ मध्ये, राष्ट्राध्यक्ष निक्सन यांना पद सोडायला लावणाऱ्या वॉटरगेट घोटाळ्याच्या ऐन धामधुमीत, कॅप्टन अमेरिका एका कटाचा माग काढत थेट व्हाइट हाउसमध्ये पोचतो आणि त्यानंतर आपला पोशाखच उतरवून ठेवतो.

पण या सगळ्यात मला सर्वांत मोलाचं वाटतं ते मॅग्नेटोचं उदाहरण. संहिता शिकायची असेल तर यावर वेळ घालवा. १९६३ मध्ये एक्स-मेनच्या, म्हणजे जन्मतः वेगळी शक्ती असलेल्या 'म्युटंट' माणसांच्या मालिकेच्या, पहिल्या अंकात तो आला तेव्हा साधा सत्तापिपासू होता. त्याच्या टोळीचं नावच 'दुष्ट म्युटंटांचा बंधुसंघ'. स्वतःला दुष्ट म्हणवणारी माणसं जगात कुठे असतात? लेखन तिथे पूर्णपणे नायकाच्या बाजूने उभं आहे. १९७५ मध्ये क्रिस क्लेअरमाँट मालिकेवर आले आणि १९९१ पर्यंत राहिले. एकाच लेखकाला इतकी सलग वर्षं मिळणं हे या माध्यमात दुर्मीळ आहे. १९८१ च्या दीडशेव्या अंकात मॅग्नेटो जगातल्या राष्ट्रांना अण्वस्त्रं नष्ट करायला सांगतो, ऐकलं नाही तर विध्वंस करायची धमकी देतो. हाणामारीत तो एका मुलीवर वार करतो. ती किटी प्राइड, अजून लहानच आहे. ती निपचित पडलेली बघून तो थांबतो. ऑशविट्झच्या छळछावणीतलं त्याचं बालपण तिथे उघड होतं. आपल्या लोकांचं रक्षण करायला निघालेला आपण एका म्युटंट मुलीलाच मारत होतो, हे त्याच्या लक्षात येतं.

इथे काय केलंय ते नीट बघा. भूतकाळ सांगून गुन्हा माफ केलेला नाही. त्याचं दुःखच त्याच्यावर आरोप ठेवतं. आणि त्याचं मूळ म्हणणं, म्हणजे बहुसंख्य समाज अल्पसंख्यांना शेवटी छावणीत घालेल ही भीती, गोष्टीने खोटं ठरवलेलं नाही. पुढे दोनशेव्या अंकात त्याच्यावर पॅरिसमध्ये खटला चालतो आणि नंतर तो एक्स-मेनच्या शाळेची जबाबदारी घेतो. पुढच्या लेखकांनी त्याला परत मागे ओढलं, पण ती वर्षं वाया गेली नाहीत. त्याच्या तोंडातला युक्तिवाद पुसणं नंतर कुणालाच जमलं नाही.

हे शक्य होण्यामागे दुकानदारीचाही भाग आहे. तो बहुतेक लेखांत सुटतो. १९७० च्या दशकात फक्त कॉमिक्स विकणारी दुकानं वाढू लागली. वृत्तपत्रांच्या स्टॉलवरून न खपलेले अंक परत यायचे. ही दुकानं मात्र परत न करण्याच्या अटीवर माल घेत, त्यामुळे किती छापायचं हे प्रकाशकाला आधी कळायचं. गिऱ्हाईक वयाने मोठं, ठरलेलं. या दुकानांना कोडच्या शिक्क्याची पर्वा नव्हती. १९८६ साली फ्रँक मिलर यांचा म्हातारा, कडवट बॅटमॅन आणि अ‍ॅलन मूर व डेव्ह गिबन्स यांचं 'वॉचमेन' आलं, ते या वाटेने. मूर यांनी दुष्टपणा थेट नायकाच्या जागेत नेऊन ठेवला: जगातला सर्वांत हुशार सुपरहिरो अणुयुद्ध टाळण्यासाठी न्यूयॉर्कमधली लाखो माणसं मारतो, आणि युद्ध खरंच टळतं.

या दोन कृतींनंतर नकलांचा जो पूर आला त्याबद्दल मला आजही वाईट वाटतं. लेखकांनी रक्त उचललं, प्रश्न सोडून दिला. १९९० च्या दशकातले बरेच नायक नुसते दात-ओठ खाणारे झाले. कठोर असणं म्हणजे सखोल असणं, ही चुकीची समजूत तेव्हा रुजली आणि ती अजून गेलेली नाही.

स्पायडरमॅन आणि एक्स-मेन काढणाऱ्या मार्व्हल प्रकाशनाने कोड २००१ मध्ये सोडला, सुपरमॅन-बॅटमॅनच्या डीसीने २०११ मध्ये. ११ सप्टेंबरच्या हल्ल्यांनंतर प्रश्न पाळत आणि अधिकाराचे झाले. २००६ मध्ये मार्व्हलच्या नायकांमध्येच फूट पडली: शक्ती असलेल्यांनी सरकारकडे नोंदणी करावी की नाही. २००८ च्या बॅटमॅन चित्रपटात तो जोकरला शोधायला अख्ख्या शहराचे मोबाइल फोन ऐकतो आणि त्याचाच सहकारी त्याला विरोध करतो. इथे वाद दोन चांगल्या माणसांत आहे.

आता तुमच्या धरणग्रस्त खलनायकाकडे येते. गेल्या काही वर्षांत चित्रपट आणि मालिकांनी एक सोपी युक्ती लावून घेतली आहे. खलनायकाच्या तोंडी खरी तक्रार घालायची, प्रेक्षकाला ती पटू द्यायची, आणि मग दोन-तृतीयांश गोष्ट संपता संपता त्याच्या हातून एका निरपराध माणसाचा जीव घ्यायचा. झालं. आता नायकाला तक्रारीचं उत्तर द्यायची गरज राहत नाही, नुसतं हरवलं की पुरे. ही मला १९५४ च्या नियमावलीपेक्षा वाईट वाटते. नियमावली निदान उघडपणे सांगत होती की सहानुभूती दाखवायची नाही. ही आधी सहानुभूती देते आणि नंतर वाचकाला ती दिल्याबद्दल अपराधी वाटायला लावते.

२०१८ च्या 'ब्लॅक पँथर' चित्रपटातही किलमाँगर हा खलनायक निरपराधांना मारतो. तो मरतो, हरतो. पण गोष्ट तिथे संपत नाही. जगभरातल्या कृष्णवर्णीयांवर अन्याय होत असताना वकांडा हा आफ्रिकेतला प्रगत देश लपून का बसला, हा त्याचा सवाल तिथल्या राजाला, म्हणजे नायक टी'चालाला, सोडत नाही. शेवटी तो ओकलंडमध्ये, जिथे किलमाँगर पोरका झाला तिथेच, इमारती विकत घेऊन मदतकेंद्र सुरू करतो आणि देशाचं जुनं धोरण मोडतो. ते उत्तर पुरेसं आहे का, यावर भांडता येईल. पण नायकाने उत्तर दिलंय.

म्हणून सहानुभूती किती, याचं माप काढत बसू नका. हवी तेवढी द्या. तुमच्या संहितेची शेवटची आठ-दहा पानं आधी लिहा, मारामारी वगळून. धरणाचं पाणी कुणाकडे जातंय? बुडालेल्या गावाला जमीन मिळाली का? नायक कुणाच्या पाण्यावर वाढलाय आणि हे त्याला कितव्या पानावर कळतं? ही उत्तरं तुमच्याकडे नसतील, तर खलनायकाला कितीही रडवलंत तरी तो सजावटच राहील. असतील, तर तो गोष्टीच्या सुरुवातीलाच कितीही क्रूर वागला तरी चालेल. फक्त त्याचा गुन्हा त्याच्या मागणीतून यायला हवा, गोष्टीची सोय म्हणून वरून टाकलेला नको.

आणि बुडालेल्या गावातलं आणखी एक माणूस लिहा, ज्याची मागणी तंतोतंत खलनायकाचीच आहे पण मार्ग वेगळा आहे. बहुतेक संहितांत हे पात्र नसतं, म्हणून वाचकाला वाटत राहतं की न्याय मागायचा तर एवढा एकच रस्ता होता. त्याला नाव द्या, चौकटी द्या, आणि नायकाशी त्याचं एक खडाखडी भांडण होऊ द्या, ज्यात नायकाला लगेच उत्तर सुचत नाही.